हलत नसलेल्या कणाच्या मागावर

सातारा-सांगलीकडे लोक देवाला जातात, नात्यातल्या लग्नाला जातात, हुरडा खायला जातात. मी गेले ती एका कणासाठी. तोही खरा नव्हे, कागदावरचा. आणि त्याच्याबद्दलचा आमचा दावा असा होता की तो जागचा हलत नाही.

थोडं आधीचं सांगायला हवं, नाहीतर पुढे मी विट्याच्या एका घरात का भांडले ते कळणार नाही.

पाण्याचा बर्फ होतो तेव्हा रेणू शिस्तीत रांगा धरतात. भिंग बरं असेल तर जवळून पाहूनच बदल कळतो. पण काही पदार्थांच्या अवस्था अशा असतात की कितीही जवळून पाहा, हा कोपरा आणि तो कोपरा सारखाच विस्कटलेला दिसतो. रचना असते, पण ती सगळ्या तुकड्याची मिळून. अशांना टोपॉलॉजिकल अवस्था म्हणतात. त्यातल्या बऱ्याच अजून कुणाच्या हाताला लागलेल्या नाहीत. आमच्यासारखे लोक त्यांची वर्णनं आधी कागदावर करून ठेवतात. बंगळूरला पीएच.डी. करताना मी आणि महादेवने मिळून असाच एक कल्पित स्फटिक रचला होता. त्यात निर्माण होणारा कण एकटा हलू शकत नाही, हलवायला गेलं की मागे नवेच कण उपटतात, असं आम्ही दाखवलं होतं. अशा अडकून पडणाऱ्या कणांना फ्रॅक्टॉन म्हणतात, आणि नवा फ्रॅक्टॉन सापडणं ही आमच्या धंद्यात पेढे वाटायची गोष्ट आहे. आमचा छोटा शोधनिबंध आला, त्याच्या जोरावर मला पुण्यात नोकरी लागली, घरी पेढे वाटले.

महादेव मात्र त्याच सुमारास म्हसवडच्या जत्रेला म्हणून गावी गेला आणि आलाच नाही. प्रबंध अर्धा टाकून. फोन नंबर बदलला. मेलला उत्तर नाही. मी वर्षभर रागावले, मग नाद सोडला.

गेल्या दिवाळीत मी त्याच कामाचा सविस्तर निबंध एका नियतकालिकाकडे पाठवला, आणि त्यांच्या परीक्षकाने एकच प्रश्न विचारला: कण कोपऱ्यावरून वळूनही हलत नाही, हे कशावरून? ती पायरी महादेवची होती. मी महिनाभर डोकं आपटलं. दर वेळी गाडी त्याच जागी रुतायची. शेवटी पिशवी भरली. पत्ता एवढाच माहीत होता: म्हसवडजवळची वस्ती, आडनाव माने. म्हसवडमध्ये माने आडनावावर माणूस शोधणं म्हणजे काय, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

लोणंद

लोणंदला आगगाडीतून उतरलं की पहिला येतो तो कांद्याचा वास. स्टेशन, बाजार, चहाची टपरी, माझी ओढणी, सगळ्याला. मी रोह्याची, सुक्या मासळीच्या वासात वाढलेली, त्यामुळे वासाला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही.

एसटीत शेजारी एक म्हातारी बसली. तिने बसल्याबरोबर माझी पिशवी स्वतःच्या पायाशी ओढून घेतली, मला ऐसपैस जागा करून दिली आणि चौकशी सुरू केली. आमच्याकडे कोकणात अशी चौकशी आडून आडून होते, आधी हवापाणी, मग आंबा कसा आहे, मग तुमचं काय. इथे आडवळण नाही.

"कुनाकडं निघालीस गं बाय?"

"म्हसवडला. मित्राकडे."

"मालक न्हाई आला संगं?"

"मालक नाहीच आहेत."

"बरं." तिने त्याचा फार बाऊ केला नाही. "काम काय काढलंस?"

"एक गणित अडलंय."

तिने माझी पिशवी जरा आणखी आत सारली. मग म्हणाली, "पुन्यात मास्तर ऱ्हायलं न्हाईत व्हय?"

मागच्या बाकावरचे दोघे हसले. मीही हसले, पण प्रश्न बिनतोड होता.

एसटी दहिवडीपर्यंतच होती, हे मला दहिवडीला कळलं. पुढे वडाप, म्हणजे भरल्याशिवाय न सुटणारी जीप. भरली या शब्दाचा इथला अर्थ मोठा आहे. मी दोन दुधाचे कॅन आणि एक सुट्टीवर आलेला फौजी यांच्यामध्ये बसले. फौजी लेहला होता. "मॅडम, उधर ठंड लय हाय, पर गर्दी न्हाई," एवढंच म्हणाला आणि माझ्या खांद्यावर झोपला. बाहेर उघडे डोंगर, कुसळी गवत, मध्येच डाळिंबाचा हिरवा चौकोन. आमच्याकडे हिरवळीतून जमीन शोधावी लागते. इथे जमीनच आधी दिसते, सगळी, एकदम.

म्हसवड

सिद्धनाथाच्या देवळासमोर प्रसादाच्या दुकानात विचारलं. "माने? कंचं माने?" असा प्रतिप्रश्न आला. "महादेव माने. बंगळूरला शिकायला होता." मग दुकानदाराने पुजाऱ्याला विचारलं, पुजाऱ्याने मोटारसायकलवाल्याला. शेवटी कुणीतरी ओरडलं, "आरं, मेंढरांचं शिकत हुता त्यो? न्हवं न्हवं, त्यो कनांचं शिकत हुता!" आणि मला एका मोटारसायकलवर मागे बसवून वस्तीवर पोचवलं.

महादेवची आई अंगणात हुलगे पाखडत होती. उंच, काटक, कपाळावर भंडारा. माझं नाव सांगितल्यावर सूप खाली ठेवलं.

"तू ती बंगळूरची इभा व्हय? म्हादा लय नाव घ्यायचा तुजं. मागनं थांबला."

"तो आहे का घरी, मावशी?"

"त्यो कुटला हितं? त्यो इट्याला, सासरवाडीला. तिकडच्या कालिजात शिकवतुया." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "तुला लगीन म्हाईत न्हाई? म्हंजी बोलावलं न्हाई तुला? मग भांडान झालं आसंल."

भांडण झालेलं नव्हतं. तेच मला सलत होतं. भांडण झालं असतं तर निदान कारण कळलं असतं.

वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते, दर वर्षीप्रमाणे पाऊस सरल्यावर. आईचे गुडघे गेले म्हणून ती मागे राहिली होती. मी रोह्याची म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारला.

"आगं, रोह्याच्या शिवारात आमी मेंढरं बसवलीत की! भात कापला की आमचं बिऱ्हाड तिकडं. लोकं खतापायी तांदूळ द्यायची. पर ओट्यावर बस म्हनून कवा म्हनाली न्हाईत."

खरं होतं. लहानपणी घोड्यावर लादलेली त्यांची बिऱ्हाडं रस्त्याने आली की आम्हा पोरांना आत घेऊन दार लावायचे, धनगर पळवून नेतील म्हणून. हे मी तिला सांगून टाकलं. वाटलं, वाईट वाटेल. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"मग आमी बी आमच्या पोरास्नी म्हनायचो, रडू नगा, कोकनी म्हातारी यील!"

संध्याकाळी चुलीपुढे पाट टाकून तिने मला हुलग्याचं माडगं प्यायला दिलं. दाट, गरम, लसणाची फोडणी. मग बाजरीची भाकरी, मटकी आणि एक खर्डा, ज्याच्याबद्दल मी एवढंच सांगेन की त्यानंतर मी भात मागितला आणि त्या घरात भात नव्हता. "भात आजाऱ्याला," ती म्हणाली आणि ताकाचा तांब्या पुढे केला.

जेवताना तिने एकदाच विचारलं, "त्यानं तुजं काय नुस्कान केलं का गं?"

"नाही, मावशी."

"मग त्यो तुजं नाव निघालं की गप का हुतो?"

मी भाकरीचा तुकडा ताकात बुडवला.

भिवघाटातून

सकाळी निघताना तिने लेकासाठी एक डबा दिला: भुशात ठेवलेली गावरान अंडी. "नीट धर, लेकरू धरल्यागत." मी आटपाडीपर्यंत खरोखर लेकरू धरल्यासारखा धरला. भिवघाटात पहिलं वळण आलं, ड्रायव्हरला समोर ट्रक दिसला, आणि डबा, मी आणि माझी पिशवी तिघं वेगवेगळ्या बाजूंना गेलो.

झाकण उघडलं होतं. परीक्षकाच्या पत्राची छापील प्रत पिशवीत सर्वांत वर होती. कोपऱ्यावरून वळण्याबद्दलचा त्याचा आक्षेप बलकाखाली गडप झाला. कंडक्टर मागे आला, बघून म्हणाला, "म्हत्त्वाचं हाय का?" मी हो म्हटलं. त्याने खिशातला रुमाल दिला आणि पुसता पुसता मजकूर वाचायचा प्रयत्न केला. "लय बारीक इंग्लिश हाय," म्हणाला, आणि रुमाल परत न घेता पुढे गेला.

अर्धी अंडी वाचली. उरलेल्या वाटेवर मी मनात भाषण तयार करत होते. दोन वाक्यं रागाची, एक मोठेपणाचं, शेवटी हळूच पायरीचा विषय.

विटा

विट्यात घरं मोठी आणि माणसं कमी. चौकशी केली तर घरातले पुरुष कोइंबतूरला, कोचीला, कानपूरला. हा गलाईवाल्यांचा मुलूख. जुने दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, हा धंदा. ज्या गावात सोनारगल्ली तिथे विट्याचा माणूस, असं मला रिक्षावाल्याने सांगितलं. तो स्वतः हैदराबादेत भट्टीवर होता, धूर सोसला नाही म्हणून परत आला.

महादेवच्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. उभा जन्म मदुराईत काढून आले आहेत. दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी बाईला त्यांनी नाव विचारायच्या आधी कॉफी विचारली. पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचावरून ओतलेली फेसाळ कॉफी. सोबत इडली, आणि इडलीसोबत सांबार नव्हे, कांदा-लसणाची चटणी. "दोनी गावं सोडवंनात मला," आबा म्हणाले आणि आतल्या मांजराला तमिळमध्ये हाकललं.

महादेवची बायको सुरेखा बाहेर आली. माझं नाव ऐकून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागाने नव्हे, एखादी गोष्ट फार ऐकून असावी आणि मग ती प्रत्यक्ष दिसावी, तसं.

"आलात एकदाच्या," ती म्हणाली. "बरं झालं. तुमचं नाव निघालं की हे पानावरनं उठत्यात. म्या म्हटलं, काय आसंल ते बोला जाऊन. न्हाई म्हंजी न्हाई."

आणि तेवढ्यात तो आला. कॉलेजातून, बाहीवर खडूची पूड, आधीपेक्षा जरा जाड. दारात थबकला. माझी तयार दोन वाक्यं मी तोंडाशी आणली होती. पण तोच आधी बोलला.

"कोपऱ्याचं विचारलं का त्यांनी?"

मी कॉफीची वाटी खाली ठेवली. तो मला पाहून चकित झाला नव्हता. या प्रश्नाची वाट बघत होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"चुकलंय ते. हलतो तो कण." त्याने चप्पल काढली, नीट बाजूला ठेवली. "कोपऱ्यावरनं जिन्यागत वळवला की हलतो. मागं काय उरत नाही."

"कधी कळलं?"

"जत्रेला आलो तेव्हा. तुझी नोकरी ठरली त्याच आठवड्यात."

आबा उठून आत गेले. सुरेखा गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली, आणि ती तिथे होती म्हणूनच बहुधा मी ओरडले नाही. हळू आवाजात भांडायला जास्त त्रास होतो.

"एक मेल करायचा होता, महादेव. एक ओळ."

"लिहायचो. पुसायचो. तुझ्या घरी पेढे वाटले होते. मी काय लिहिणार, पेढे परत घे?"

"म्हणजे मला वाचवत होतास?"

त्याने बाहीवरची खडूची पूड झटकली. मग म्हणाला, "स्वतःला जास्त. सिद्धता माझी होती. मला वाटायचं, कुणी विचारणारच नाही. कोण वाचतंय एवढं."

"आवं, पर विचारलं की आता," सुरेखा दारातून म्हणाली. "मग आता काय करायचं ते बोला दोघं. ताई, तुमी आज ऱ्हावा."

अंड्यांचं सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला. जी वाचली होती त्यांचं सुरेखाने कालवण केलं. ते आम्ही सगळे मिळून जेवलो. कुणी पानावरून उठलं नाही.

दुसरा दिवस रविवार होता. महादेवने शिपायाकडून किल्ली घेतली आणि आम्ही कॉलेजच्या रिकाम्या वर्गात गेलो. लांब काळा फळा, खिडकीत कबुतरं. त्याने स्फटिक काढला, त्यात कण मांडला आणि मला तो जिना दाखवला. मी ठरवून आले होते की त्याची चूक शोधायची. सकाळभर शोधली. मोठा स्फटिक घेतला, लहान घेतला, उलट्या बाजूने वळवला, कडेला नेऊन पाहिला. कण प्रत्येक वेळी निमूटपणे पुढच्या घरात जाऊन बसायचा, मागे काही न सोडता. इतकी वर्षं आम्ही त्याला फक्त सरळ रेषेत ढकलून पाहिलं होतं.

दुपारी मी खडू खाली ठेवला.

"मग आपला पदार्थ आहे तरी काय?"

"जुनाच. पुस्तकातला. त्याच अवस्थेच्या दोन-तीन प्रती एकमेकींत अशा गुंफल्यात की ओळखू येत नाहीत. आपण नवं लुगडं म्हणून आणलं, ते जुनीच जोडून शिवलेलं निघालं."

मला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी बाकावर बसून मी हसत सुटले, आणि मग थोडं रडलेही. नोकरी कायम व्हायची होती. गावी आईने आमच्या निबंधाची चौकट करून भिंतीवर लावली होती. महादेव फळा पुसायला गेला आणि थांबला.

"पुसू?"

"नको. ते गुंफलेलं कसं सोडवायचं, ते दाखव. पूर्ण. आपण दुरुस्ती लिहायची."

"तू लिही. मी त्यात नाही आता."

"चुकताना होतास. आता पण असशील."

त्याने डस्टर खाली ठेवला. मग त्याने नवा खडू घेतला. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही एक एक दोरा सोडवला. मध्ये एकदा अधिक-उणे चुकलं आणि कण आपला रस्ता विसरला, तेव्हा दोघं एकाच वेळी "चिन्ह, चिन्ह!" म्हणून ओरडलो आणि कबुतरं उडाली. बंगळूरला हे रोज व्हायचं. परत येताना मी विचारलं, परत का नाही येत, प्रबंध तेवढा पुरा कर.

"प्रबंध करीन," तो म्हणाला. "पण वर्ग नाही सोडणार. तिथं माझं चुकलं की मागच्या बाकावरनं लगेच आवाज येतो, सर, चुकलं. मला ते बरं वाटतं, गड्या."

बंगळूरलाही तो मला गड्याच म्हणायचा. मला कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी तर मुळीच नाही.

पुन्हा पुण्यात

सांगलीहून गाडी पकडली. सुरेखाने भडंगाची मोठी पिशवी दिली होती, ती कराड येईपर्यंत डब्यातल्या लोकांनी संपवली, मला विचारून, पण संपवली.

मोठा निबंध मी मागे घेतला. विभागप्रमुख बाईंना जाऊन सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी शोधायच्या आत तुम्ही शोधलंत, एवढंच मला पुढे सांगता येईल." त्यांनी सांगितलंही असावं. नोकरी गेली नाही, पण कायम होणं पुढच्या खेपेवर गेलं. आईला फोन केला, तेव्हा तिने चौकट काढू का विचारलं. मी म्हटलं, राहू दे, नवा येईल तो त्याच्या शेजारी लाव.

तो आला. चार पानांचा, दोघांच्या नावांनी, महादेवच्या नावाखाली विट्याच्या कॉलेजचा पत्ता. त्यात अथपासून इतिपर्यंत एकच गोष्ट आहे: आधी आम्ही जे म्हटलं ते चूक होतं, आणि का चूक होतं.

आठवड्याने सुरेखाने फोटो पाठवला. कॉलेजच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स: ‘आमच्या प्राध्यापकांचे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात संशोधन. हार्दिक अभिनंदन!’ खाली फेटा बांधलेला महादेव, चेहरा ओढलेला, हातात नारळ. प्राचार्यांनी निबंध उघडून पाहिला नव्हता. सत्काराला उत्तर देताना महादेवने सरळ सांगितलं म्हणे, की यात आम्ही लिहिलंय की आमचं चुकलं. मग मागून कुणीतरी विद्यार्थी ओरडला, "सर, बरोबर!" आणि सगळे टाळ्या पिटायला लागले.

मी फोन लावला. तो उचलून काही बोलायच्या आत त्याच्या आईने घेतला. ती सत्काराला म्हसवडहून वडापने आली होती.

"इभे," ती म्हणाली, "चुकल्याचा बी सत्कार करत्यात व्हय गं तुमच्यात?"

"नाही करत, मावशी."

"मग हितं केला की," ती म्हणाली. "तू का न्हाई आलीस? तुजा फेटा तसाच ऱ्हायलाय."